कानातली नदी

"हाललीस तर बघ हं," म्हणत गोदूताईनं माझं डोकं मांडीवर कलतं धरलं आणि कानात औषधाचा थेंब सोडला.

बाटली आधी गरम पाण्याच्या वाटीत धरून ती औषध कोमट करून घ्यायची. तरी आत शिरताना तो थेंब केवढा आवाज करायचा म्हणून सांगू! एवढासा थेंब, पण कानात उतरता उतरता त्याची नदी व्हायची. घुमत, वळणं घेत कुठंतरी खोल खोल जायची आणि तिच्याबरोबर मीही जायचे. मी डोळे मिटून घ्यायचे. माझे डोळे मिटले काय अन् उघडे राहिले काय, मला दोन्ही सारखंच. पण मिटले की झोप लवकर यायची.

"काय ऐकू येतंय?" गोदूताई विचारायची.

"नदी."

"आणि?"

"तुझ्या बांगड्या."

"मग चांगले शाबूत आहेत की कान! उगीच लाड करून घेतेस," असं म्हणून ती कापसाचा बोळा बसवायची, वरून लोकरीचा रुमाल बांधायची आणि माझ्या गालावर टिचकी मारून उठायची. बांगड्या छुनछुनत नळापर्यंत जायच्या, तिथं हात धुताना जरा रेंगाळायच्या, मग दाराबाहेर. मी त्यांच्या मागं मागं जायचे, म्हणजे अंथरुणात पडूनच.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आमची शाळा आंधळ्या मुलींची. कृष्णाकाठच्या एका गावाबाहेर, अगदी नदीला लागून. राहणं-खाणं तिथंच. आणि गोदावरी सिस्टर म्हणजे गोदूताई ही शाळेची नर्स. कुणाचे डोळे चिकटायचे, कुणाला फिट यायची, वेताच्या खुर्च्या विणताना बोटं कापायची, आणि गुडघे तर आम्हा सगळ्याजणींचे बारा महिने फुटलेले. सगळा कारभार तिच्या एकटीच्या अंगावर. शाळेत बाकी सगळ्या बाई-मास्तरांना अहो-जाहो, पण गोदूताईला अगं-तुगं. तिनंच तशी सवय लावली होती. "मला अहो म्हणाल तर एरंडेल पाजीन," म्हणायची, आणि पाजलंही असतं हो तिनं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फार कडक नव्हत्या. पण एका बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. मुलीजवळ कुणी मुक्यानं यायचं नाही. आवाज देऊन यायचं. त्या स्वतः चपलेला नाल ठोकून घेतलेल्या, टाक टाक करत यायच्या. गाण्याचे मास्तर खाकरत यायचे. झाडलोट करणाऱ्या हौसामावशीला वेगळं काही करायला लागायचं नाही, ती सदानकदा कुणावर तरी करवादतच असायची. आणि गोदूताईच्या बांगड्या. हात भरून काचेच्या.

"नर्सिंग शिकताना हातातल्या काढायला लावल्या," गोदूताई सांगायची, "आणि इथं आल्या आल्या मोठ्या बाई म्हणतात, सिस्टर, बांगड्या घालून या, पोरींना कळलं पाहिजे कोण आलं ते. आमच्या घरात काय आनंद! ह्यांनी त्याच दिवशी कासाराला घरी बोलावलं, आणि स्वतः समोर बसून भरवल्या. हिरव्याच द्या म्हणाले, ढीगभर द्या!"

गोदूताईचे हे म्हणजे आमचे दाजी. दर शनिवारी तिला न्यायला सायकलवरून यायचे आणि फाटकापासूनच घंटी बडवायचे. त्यांच्या खिशात गुडदाणी असायची. ती हातावर ठेवताना म्हणायचे, "ओळख पाहू कोण?" आता गुडदाणी देणारा माणूस कुणाला ओळखू येत नाही?

तर त्या हिवाळ्यात माझा कान फुटला. आधी डावा, मग उजवाही. ठणका असा की भिंतीवर डोकं आपटावं वाटायचं, आणि उशी सकाळी चिकट झालेली. ताप चढला तसं मला आजाराच्या खोलीत हलवलं. चार खाटा, पण मी एकटीच. नदीवरून थंडी यायची म्हणून खिडक्या लावलेल्या. कानात बोळे, वरून रुमाल. सगळे आवाज आडातून आल्यासारखे यायचे. जेवणाची घंटा यायची ती जणू पलीकडच्या गावातून. वर्गातल्या मुली ब्रेल लिहिताना कागदावर टोचणीची जी टिकटिक चालते, ती तर बंदच झाली. मला वाटायचं, शाळा हळूहळू नदीच्या पल्याड चालली आहे आणि मी या काठावर खाटेसकट राहिले आहे. गंमत म्हणजे ताप चढलेला असला की त्याची भीतीही वाटायची नाही. बरंच वाटायचं, तरंगल्यासारखं.

बांगड्या मात्र यायच्या. बोळ्यांतून, रुमालातून, तापातूनही.

एक दिवस तेरदाळकर डॉक्टर आले. गावातून महिन्याला एकदा यायचे. त्यांनी इंजेक्शन दिलं, कानात नळी घालून पाहिलं आणि मोठ्या बाईंना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, माझ्या पायथ्याशी! मोठी माणसं आम्हाला दिसत नाही म्हणून ऐकूही येत नाही असं धरून चालतात. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

"पडदे दोन्ही फाटलेत," डॉक्टर म्हणाले. "लहान आहे, भरून येतील कदाचित. पण सांगता येत नाही."

"म्हणजे, ऐकणं?"

"हं. आधी बारीक आवाज जातात. घड्याळाची टिकटिक, चिमण्या, असलं. जाड आवाज मागाहून. पुढच्या खेपेला मी नीट तपासतो, मग बघू."

टाक टाक करत मोठ्या बाई त्यांना पोचवायला गेल्या. मी तशीच पडून राहिले.

दुपारी रखमा जेवण घेऊन आली. ती सातवीतली, आमच्यात मोठी, आणि तिला सगळं ठाऊक असतं असं आम्ही मानायचो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रखमे, आंधळी आणि वर बहिरी अशी मुलगी असली, तर तिला कुठल्या शाळेत घालतात गं?"

"अशीला कुठली शाळा?" रखमा म्हणाली. "तिला शिकवणार कसं? घरी पाठवतात. खा आता, भाकरी गार होतीय."

माझे आई-बाप वीटभट्टीवर कामाला. शाळेत यायच्या आधी मला ते खोपटाच्या दारात बसवून जायचे आणि मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आवाज ऐकत बसायचे. गाढवांच्या खुरांवरून ती भरलेली आहेत की रिकामी ते मला कळायचं. एवढाच माझा उद्योग. डोळ्यांचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. ते होतेच कधी? पण कानांशिवाय त्या दारात बसायचं म्हणजे काय, हे मनात आलं आणि भाकरीचा घास तोंडातच फिरायला लागला. मी त्याच घटकेला ठरवून टाकलं. कान गेले तरी कुणाला कळू द्यायचं नाही. जाड आवाज येतात तोवर बोलता येईल, हसता येईल, गाण्याच्या वर्गात मागं बसता येईल. बारीक आवाजांचं कुणाला काय कळतंय? आणि बांगड्या ऐकू येतात तोवर काही गेलेलंच नाही.

त्यानंतर मी बांगड्यांवर पाळत ठेवून राहिले. गोदूताई अंगणात असतानाच त्या ऐकू यायच्या का? व्हरांड्यात? की दारात आल्यावर? सगळ्यात छान वाजायच्या त्या ताप बघताना. थर्मामीटर तोंडात घालण्याआधी ती मनगटाला जोरात झटका देऊन तो उतरवायची, तेव्हा सगळ्या बांगड्या एकदम खळ्ळकन खाली यायच्या. ते ऐकलं की मी मनातल्या मनात म्हणायचे, आहेत, कान आहेत अजून.

मग एका दुपारी कुणीतरी सायकलवरून आलं. दाजी नव्हते, घंटी वाजली नाही. व्हरांड्यात काहीतरी बोलणं झालं, माझ्यापर्यंत नुसती गुणगुण आली. आणि एकदम बांगड्या धावत सुटल्या. अंगणातून, फाटकातून, रस्त्यानं. मी उठून बसले आणि त्या ऐकू येईनाशा होईतो ऐकत राहिले.

"कुठं गेली गं गोदूताई?" मी हौसामावशीला विचारलं.

"गावाला."

"एवढ्या घाईनं?"

"असतंय काम एखाद्याचं. तू गप पड की," हौसामावशी म्हणाली. पण करवादली नाही. मला ते जरा चमत्कारिक वाटलं खरं.

मग बरेच दिवस औषध घालायला हौसामावशीच यायची. ती बिचारी थेंब कोमट करायची नाही. बर्फासारखा थेंब आत पडला की डोकं गरगरायचं आणि खाट नावेसारखी फिरायची. ताप पुन्हा चढला. कानातली नदी तर आता थांबायचीच नाही. मला स्वप्नं पडायची. मी नदीच्या वाळूतून अनवाणी चालले आहे, वाळू ऊन आहे, आणि पलीकडच्या काठावर बांगड्या वाजतायत. मी पाण्यात शिरते. पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग कानापर्यंत येतं, आणि कानात पाणी शिरलं की बांगड्या थांबतात. मी ओरडते, माझं ओरडणंही मला ऐकू येत नाही. जागी व्हायचे तेव्हा अंग घामानं निथळत असायचं. मग मी चुटकी वाजवून पाहायचे. वाजायची. पण ती कानातून येते की आपल्याच हाडातून, हे काही उमगायचं नाही.

आणि एका दुपारी कपाळावर हात आला.

मी झोपेत होते का जागी, आता सांगता येत नाही. पण हात कुणाचा ते लगेच कळलं. डेटॉलचा वास, आणि अंगठ्याजवळ ती खरबरीत भेग. "मंजू," आवाज आला, आडातून आल्यासारखा. "मी आले गं."

एवढा आनंद झाला मला! गोदूताई! मी तिचा हात दोन्ही हातांत धरणार, इतक्यात माझ्या ध्यानात आलं. ती खोलीत आली, खाटेपर्यंत आली, वाकली, कपाळावर हात ठेवला. आणि बांगड्या वाजल्या नव्हत्या.

मी श्वास रोखून पडून राहिले. ती नळाशी गेली. पाण्याचा आवाज आला, बांगड्यांचा नाही. तिनं वाटी उचलली, ठेवली. वाटी टेकल्याचा आवाज आला, बांगड्यांचा नाही. मग ती माझ्याजवळ बसली आणि तिनं थर्मामीटर झटकला. त्या झटक्याचा वारा माझ्या गालाला लागला. वारा लागला हो! आणि आवाज काही नाही.

गेले. बारीक आवाज गेले.

थर्मामीटर तोंडात होता म्हणून बरं, नाहीतर मी तेव्हाच भोकाड पसरलं असतं. तेवढ्या वेळात मी स्वतःला सावरलं. डॉक्टर येणार होते. कळता कामा नये, कुणालाच नाही, गोदूताईलासुद्धा नाही.

तिनं थर्मामीटर काढला. औषधाची बाटली वाटीत धरली. माझं डोकं मांडीवर घेऊन बोळे काढले, कापसाच्या काडीनं कान हलक्या हातानं पुसले. बोळे निघाले तरी बांगड्या नव्हत्याच. मग थेंब सोडला, कोमट, पूर्वीसारखा. नदी आली, वळणं घेत खोल उतरली.

"काय ऐकू येतंय?" गोदूताईनं विचारलं. तिचा आवाज दमलेला होता.

"नदी."

"आणि?"

"तुझ्या बांगड्या."

नेहमीसारखं 'शाबूत आहेत की कान' काही आलं नाही. मला वाटलं, हिचा विश्वास बसलेला नाही. मग मी जरा तिखटमीठ लावलं. मला ते चांगलं जमायचं.

"नेहमीसारख्या मस्त वाजतायत," मी म्हणाले. "तू अंगणात होतीस ना, तेव्हापासून ऐकू येतायत मला. आणि आत्ता थर्मामीटर झटकलास, तेव्हा तर केवढ्या वाजल्या! खळ्ळकन!"

माझ्या गालावर काहीतरी ऊन ऊन पडलं. औषध सांडलं असेल म्हणून मी पुसलं, तर पुन्हा पडलं. गोदूताईची मांडी हलत होती. ती रडत होती! मग मात्र माझा धीर सुटला. पकडली गेले मी. हिला कळलं, माझे कान गेले ते हिला कळलं, म्हणूनच रडतेय.

"ताई, मोठ्या बाईंना सांगू नको!" मी तिच्या पदराला धरून रडायला लागले. "डॉक्टरांना सांगू नको. मला घरी पाठवतील गं! जाड आवाज येतात मला सगळे, खरंच येतात. तू बोलतेस ते कळतंय, वाटी कळली, नळ कळला. बारीक तेवढे गेले. बांगड्या तेवढ्या गेल्या. मी मागच्या बाकावर बसेन, कुणाला कळणार नाही. मला नको ना पाठवू..."

"थांब, थांब. काय म्हणालीस?" गोदूताईनं मला उठवून समोर बसवलं. "कशावरून म्हणतेस गेले?"

"थर्मामीटर झटकलास आणि मला काही ऐकू आलं नाही."

"काही नाही?"

"काहीच नाही. वारा तेवढा लागला."

ती "अगं वेडे," म्हणाली, इतक्या हळू की मला वाटतं ती स्वतःशीच म्हणाली. तिनं माझे दोन्ही हात उचलले आणि आपल्या मनगटांवर ठेवले.

मी चाचपलं. मनगट. वर कोपरापर्यंत गेले, पुन्हा खाली आले. दुसरा हात. नुसती कातडी, थंडीनं फुटलेली, आणि बांगड्या राहून राहून पडलेला खोलगट वळ.

"बांगड्या कुठायत?"

"नाहीत."

"म्हणजे... वाजल्याच नाहीत?"

"कशा वाजतील? नाहीतच तर."

"म्हणजे माझे कान..."

"आहेत गं बाई. जाग्यावर आहेत."

पुढं काय झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी हसले. हसले म्हणजे काय, खदाखदा हसले, खाटेवर उभी राहिले, तिच्या मनगटांचे मुके घेतले, आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडले, "बांगड्या नाहीत! हौसामावशी, बांगड्या नाहीतच! गोदूताईच्या हातात बांगड्याच नाहीत!"

व्हरांड्यात बादली आपटली. हौसामावशी धावत आत आली. "कार्टे! गप! जीभ झडली न्हाई तुझी? काय बोलतीस ते कळतंय का तुला?"

"असू दे, मावशी," गोदूताई म्हणाली. "ओरडू दे तिला."

माझ्या हातात तिचं मनगट अजून होतंच. आणि मग हळूहळू, ताप उतरताना अंग गार होत जातं तसं, मला उमजत गेलं. हौसामावशी आम्हाला न्हाऊ घालायची. तिचे हातही असेच, मनगटापासून कोपरापर्यंत मोकळे. ते का मोकळे, हे तिनंच कधीतरी डोक्यावर पाणी ओतता ओतता सांगितलं होतं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी खाली बसले.

"ताई," मी म्हणाले, "दाजी?"

"हं," गोदूताई म्हणाली.

हौसामावशी पदरात नाक शिंकरत बाहेर गेली. मी गोदूताईचा हात सोडायला गेले तर तिनं सोडू दिला नाही.

"तिकडं घरी," ती म्हणाली, "जो येईल तो हे हात धरून रडायचा. म्हाताऱ्या बायका, जावा, शेजारणी. ज्यांना मी ओळखत नाही त्यासुद्धा. मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली होती, मंजू. पदराखाली झाकून झाकून इथवर आले." तिनं माझी बोटं आपल्या मनगटाभोवती घट्ट दाबली. "ह्या हातांचा आनंद झालेली तू एकटीच गं."

मी तिच्या मनगटावरच्या त्या वळावरून बोट फिरवत राहिले.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "हस की."

मला हसू येईना. कसं येईल? मग तिनंच सुरुवात केली. आधी नुसतंच पुटपुटली, "बांगड्या नाहीत." मग जरा मोठ्यानं, माझ्यासारखं ओरडून, "हौसामावशी, बांगड्याच नाहीत!" आणि ती हसायला लागली. मला कवेत घेऊन, गदगदा हलत, माझ्या औषधानं ओल्या झालेल्या कानाला गाल लावून. ती हसत होती का रडत होती, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही, आणि माझे कान तर चांगले शाबूत होते.